धर्मानंद दामोदर कोसंबी

आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी (जन्म : सांकवाळ, गोवा, ९ ऑक्टोबर १८७६, मृत्यू : सेवाग्राम, वर्धा, ४ जून १९४७) हे पाली भाषा व बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक आणि मराठी लेखक होते. त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. तरीही कलकत्ता, हार्वर्ड आणि लेनिनग्राड येथील विद्यासंस्थांनी त्यांना वेळोवेळी ठरावीक मुदतीसाठी निमंत्रित केले. बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते १९१० ते १९३२ या काळात चार वेळा अमेरिकेत गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन करून त्यांनी महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासकांची पहिली पिढी घडविली. 'भगवान बुद्ध' हे चरित्र आणि 'निवेदन' हे आत्मचरित्र हे त्यांचे विशेष प्रसिद्ध ग्रंथ होत. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र.

प्रारंभिक जीवन

कोसंबींचा जन्म पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यात एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव दामोदर व आईचे नाव आनंदीबाई. प्रकृती नाजूक असल्यामुळे आणि गावात शिक्षणाची पुरेशी सोय नसल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण मराठी इयत्तांच्या पुढे फारसे गेले नाही. नारळीच्या बागायतीची देखरेख हे घरचे काम लहान वयातच त्यांच्याकडे आले. १८९१ मध्ये बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

औपचारिक शिक्षण थांबले तरी वाचनाची आवड कायम राहिली. तुकारामांच्या अभंगांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात आलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाविषयी अधिक जाणून घेण्याची ओढ त्यांना लागली. त्या काळी बौद्ध धर्माविषयी मराठीत अत्यंत थोडे साहित्य उपलब्ध होते. मूळ ग्रंथ ज्या पाली भाषेत आहेत, ती भाषा शिकविण्याची सोयही गोव्यात नव्हती. ज्येष्ठ कन्या माणिक हिच्या जन्मानंतर, १८९९ च्या अखेरीस, बौद्ध धर्माचे ज्ञान मिळविण्याच्या हेतूने त्यांनी घर सोडले.

विद्येसाठी प्रवास

गोव्याहून कोसंबी प्रथम पुण्यास आले. तेथे त्यांची डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याशी भेट झाली. पालीच्या अध्ययनास संस्कृतचा पाया आवश्यक असल्याने ते पुढे ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत व्याकरणाचे अध्ययन केले. १९०२ मध्ये ते नेपाळला गेले. परंतु ज्या बौद्ध विद्येच्या शोधात ते होते, ती त्यांना तेथे आढळली नाही. त्यानंतर बोधगया व कलकत्ता येथून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पोहोचले.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पालीचे अध्ययन सुरू केले आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. जर्मन भिक्षू न्याणतिलोक यांच्यासमवेत त्यांनी तेथे ध्यानाभ्यास केला. सिलोन व ब्रह्मदेश या दोन्ही देशांत पाली ग्रंथांचे अध्ययन विहारांतून गुरुमुखाने चालत असे. मूळ सूत्र, त्यावरील अट्ठकथा म्हणजे भाष्य, आणि त्या भाष्यावरील टीका असा क्रम विद्यार्थ्याला पार करावा लागे. सिंहली आणि बर्मी या दोन्ही लिपींत लिहिलेले पाली ग्रंथ कोसंबींनी अभ्यासले. युरोप-अमेरिकेतील विद्वान पाली शिकत ते प्रामुख्याने छापील ग्रंथ, कोश व व्याकरणे यांच्या आधारे. विहारातील परंपरा आणि संस्कृत व्याकरण या दोहोंचा परिचय असलेला अभ्यासक त्या काळी दुर्मीळ होता. कोसंबींच्या पुढील सर्व नेमणुकांच्या मुळाशी त्यांची ही तयारी होती.

कलकत्ता विद्यापीठ आणि बडोद्याची वृत्ती

१९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्यास परतले. याच वर्षी वंगभंगाच्या चळवळीतून तेथे राष्ट्रीय महाविद्यालयाची स्थापना झाली होती आणि अरविंद घोष त्याचे प्राचार्य होते. या महाविद्यालयात कोसंबींनी पालीचे अध्यापन सुरू केले. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्या प्रयत्नाने पुढे कलकत्ता विद्यापीठातही त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. आशुतोष मुखर्जी हे तेव्हा कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. संस्थेबाहेरच्या, प्रसंगी दूरच्या प्रांतातील विद्वानांना निमंत्रित करून विद्यापीठात नवे विषय रुजविण्याचे त्यांचे धोरण होते. भिक्षुसंघात शिकलेल्या, पदवी नसलेल्या अभ्यासकाला विद्यापीठाच्या वर्गावर पाठविणे या धोरणाशी सुसंगत होते.

कलकत्त्यातील हे काम कोसंबींनी फार काळ केले नाही. बौद्ध धर्माचे ज्ञान महाराष्ट्रात आणि मराठी भाषेतून पसरावे, अशी त्यांची इच्छा होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. महाराष्ट्रात कोठेही राहून अभ्यास करावा आणि ग्रंथरचना करावी, एवढीच तिची अपेक्षा होती. कलकत्ता विद्यापीठात राहिल्यास अधिक वेतन मिळण्याची शक्यता होती. तरी कोसंबींनी बडोद्याची वृत्ती स्वीकारली. तिच्यासोबत वर्ग, वेळापत्रक किंवा परीक्षा असे कोणतेही बंधन नव्हते; मात्र मुदत संपल्यानंतरची शाश्वतीही नव्हती. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

हार्वर्डचे निमंत्रण

हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वूड्स भारतात आले असता त्यांचा कोसंबींशी परिचय झाला. वूड्स यांचा भारतीय तत्त्वज्ञानाचा, विशेषतः पातंजल योगाचा अभ्यास होता. हार्वर्डमध्ये अपूर्ण राहिलेल्या एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी योग्य व्यक्ती म्हणून त्यांनी कोसंबींना निमंत्रण मिळवून दिले.

हा ग्रंथ म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिलोनमधील अनुराधपूर येथील महाविहारात बुद्धघोषाचार्यांनी त्याची रचना केली. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन भागांत विभागलेल्या २३ परिच्छेदांच्या या ग्रंथात थेरवाद परंपरेची साधना व तत्त्वज्ञान पद्धतशीरपणे मांडलेले आहे. अमेरिकन अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांनी त्याची रोमन लिपीतील आवृत्ती तयार करण्याचे काम हाती घेतले होते. संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स रॉकवेल लॅनमन आणि वॉरन यांनी १८९१ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमाला सुरू केली होती, आणि 'विसुद्धिमग्ग' याच मालेत प्रकाशित व्हावयाचा होता. १८९९ मध्ये वॉरन यांचे निधन झाले. संहितेचे बरेच काम त्यांच्या हातून झाले होते. परंतु पाठांची पुन्हा छाननी करणे, उद्धृतांची मूळ स्थाने शोधणे आणि मुद्रणप्रत सिद्ध करणे ही कामे शिल्लक होती. ग्रंथमालेचे संपादकत्व लॅनमन यांच्याकडे होते.

पहिली अमेरिका भेट (१९१०–१९१२)

१९१० मध्ये कोसंबी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे पोहोचले. त्यांची नेमणूक विद्यापीठाच्या कायम अध्यापकवर्गात नव्हती. ती या एका ग्रंथाच्या संपादनापुरती मर्यादित होती. बाहेरून बोलावलेल्या संशोधकाला अशा व्यवस्थेत ग्रंथालय, हस्तलिखिते आणि निर्वाहाचा खर्च मिळत असे. परंतु काम कोणत्या स्वरूपात आणि केव्हा प्रसिद्ध व्हावे, हे ठरविण्याचा अधिकार ग्रंथमालेच्या संपादकाकडे राहत असे.

याच मुद्द्यावरून अडचण उभी राहिली. संहितेच्या दुरुस्तीचे प्रत्यक्ष काम कोसंबी करीत होते. तयार होणाऱ्या ग्रंथावर कोणाचे नाव कोणत्या नात्याने यावे, आणि या कामाचे श्रेय कसे नोंदवावे, याविषयी लॅनमन आणि कोसंबी यांच्यात तीव्र मतभेद झाले. कोसंबींच्या दृष्टीने हा प्रश्न मानधनाचा नव्हता. केलेल्या कामाची प्रामाणिक नोंद व्हावी एवढाच होता. तडजोड झाली नाही, आणि १९१२ मध्ये काम अपूर्ण ठेवून ते भारतात परतले.

या वास्तव्याचा आणखी एक परिणाम झाला. अमेरिकेत त्यांनी समाजवादी विचारांच्या साहित्याचे वाचन केले. बुद्धाचा अपरिग्रह आणि आधुनिक समाजवाद यांची सांगड घालण्याचा त्यांचा प्रयत्न पुढील लेखनात सातत्याने दिसतो.

फर्ग्युसन महाविद्यालय (१९१२–१९१८)

भारतात परतल्यावर डॉ. भांडारकर यांच्या पुढाकाराने कोसंबींची पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. सलग सहा वर्षे एका महाविद्यालयात शिकविण्याची संधी त्यांना येथे मिळाली. त्यांच्या विद्यार्थ्यांत पुरुषोत्तम विश्वनाथ बापट आणि ना. के. भागवत हे पुढे पालीचे नामवंत अभ्यासक व अध्यापक झाले. नागरी लिपीत पाली पाठ्यपुस्तकांची उणीव होती. ती भरून काढण्यासाठी कोसंबींनी स्वतः पुस्तके तयार केली. 'बुद्धलीला सारसंग्रह' (१९१४) हा त्यांचा मराठी ग्रंथ याच काळातील आहे.

पुण्यातील ही वर्षे कोसंबींच्या कौटुंबिक जीवनातही महत्त्वाची ठरली. घर सोडल्यापासून पत्नी बाळाबाई आणि मुले यांच्यापासून ते दीर्घकाळ दूर राहिले होते. पुण्यात काही वर्षे कुटुंब एकत्र राहू शकले. माणिक, दामोदर, मनोरमा आणि कमला ही त्यांची अपत्ये.

दुसरी अमेरिका भेट (१९१८–१९२२)

१९१८ मध्ये हार्वर्डचे निमंत्रण पुन्हा आले. फर्ग्युसन महाविद्यालयातील काम सोडून कोसंबी माणिक आणि दामोदर यांना घेऊन अमेरिकेस गेले. बाळाबाई व धाकट्या मुली भारतातच राहिल्या. अमेरिकेतील चार वर्षांत 'विसुद्धिमग्ग'चे काम बरेच पुढे गेले. परंतु जुने मतभेद मिटले नाहीत आणि १९२२ मध्ये कोसंबी परतले, तेव्हाही ग्रंथ प्रकाशित झालेला नव्हता.

दरम्यान लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने कॅरोलाइन ऱ्हिस डेव्हिड्स यांनी संपादित केलेली 'विसुद्धिमग्ग'ची रोमन आवृत्ती १९२०–२१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. वॉरन यांनी ज्या कामास एकोणिसाव्या शतकात आरंभ केला होता, त्याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती अशा रीतीने आधी वाचकांच्या हाती गेली.

ही भेट कोसंबींच्या मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने फलदायी ठरली. माणिक यांनी १९२२ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी मिळविली. दामोदर यांचे शालेय शिक्षण केंब्रिजमध्ये झाले आणि १९२९ मध्ये ते हार्वर्डचे पदवीधर झाले. वडिलांना ज्या विद्यापीठाने एका ग्रंथापुरते बोलावले होते, त्याच विद्यापीठाचे मुलगा नियमित विद्यार्थी झाला.

गुजरात विद्यापीठ

असहकाराच्या चळवळीत महात्मा गांधींनी १९२० मध्ये अहमदाबाद येथे गुजरात विद्यापीठाची स्थापना केली होती. या विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात १९२२ ते १९२५ या काळात कोसंबींनी अध्यापन व संशोधन केले. मुनी जिनविजय हे पुरातत्त्व मंदिराचे प्रमुख होते आणि पंडित सुखलाल, पंडित बेचरदास दोशी असे जैन विद्येचे अभ्यासक तेथे कार्यरत होते. बौद्ध आणि जैन परंपरांचा तौलनिक विचार कोसंबींच्या उत्तरकालीन ग्रंथांत दिसतो. त्याला या सहवासाची पार्श्वभूमी आहे. 'निवेदन' हे आत्मचरित्र १९२४ मध्ये, 'समाधिमार्ग' १९२५ मध्ये आणि 'बौद्ध संघाचा परिचय' १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरी भेट, लेनिनग्राड आणि चौथी भेट

लॅनमन १९२६ मध्ये हार्वर्डमधून निवृत्त झाले. त्याच वर्षी कोसंबी तिसऱ्यांदा अमेरिकेस गेले आणि १९२७ पर्यंत तेथे राहून त्यांनी 'विसुद्धिमग्ग'चे संपादन पुढे नेले.

१९२९ मध्ये ते सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथे गेले. थिओडोर श्चेरबात्स्की यांच्या नेतृत्वाखाली तेथे नुकतीच बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था स्थापन झाली होती. लेनिनग्राडचे विद्वान संस्कृत व तिबेटी भाषांतील महायान ग्रंथांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध होते; पाली वाङ्मयाच्या जाणकाराची तेथे आवश्यकता होती. रशियातील नव्या समाजव्यवस्थेविषयी कोसंबींना कुतूहल होते. पुढील वर्षी ते भारतात परतले.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू होताच कोसंबींनी त्यात उडी घेतली. कोकणातील शिरोडे येथील मिठागरांवरील सत्याग्रहात त्यांचा सहभाग होता. चळवळीतील कार्याबद्दल त्यांना अटक व कारावास झाला. त्यानंतर १९३१ मध्ये ते चौथ्यांदा अमेरिकेस गेले आणि १९३२ मध्ये परतले. याच सुमारास त्यांचे फर्ग्युसनमधील विद्यार्थी बापट हेही हार्वर्डमध्ये होते. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' व 'विसुद्धिमग्ग' यांच्या तौलनिक अभ्यासावर प्रबंध लिहून हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. हा अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला.

'विसुद्धिमग्ग'चे प्रकाशन

हार्वर्ड आवृत्तीची वाट न पाहता कोसंबींनी 'विसुद्धिमग्ग'ची स्वतंत्र नागरी आवृत्ती तयार केली. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने ती १९४० मध्ये प्रसिद्ध केली. सिंहली, बर्मी वा रोमन लिपी न जाणणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना हा ग्रंथ त्यामुळे प्रथमच सुलभ झाला. त्यावर 'दीपिका' नावाची पाली टीकाही त्यांनी लिहिली. 'अभिधम्मत्थसंगह' या ग्रंथावरील त्यांची 'नवनीतटीका' १९४१ मध्ये प्रकाशित झाली. विसाव्या शतकात पालीमध्ये नवी टीका लिहिणाऱ्या मोजक्या भारतीयांत त्यांची गणना होते.

हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा ४१ वा खंड म्हणून 'विसुद्धिमग्ग'ची रोमन आवृत्ती १९५० मध्ये प्रकाशित झाली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक-सुधारक म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव आहे. ज्या नोंदीसाठी १९१२ मध्ये वाद झाला, ती नोंद अशा रीतीने अखेर झाली; परंतु तोवर कोसंबींच्या पहिल्या अमेरिका भेटीला चाळीस वर्षे उलटली होती. वॉरन, वूड्स आणि लॅनमन हयात नव्हते, आणि कोसंबींच्या निधनालाही तीन वर्षे झाली होती. पालीच्या अभ्यासकांत ही आवृत्ती तिच्या शुद्धतेमुळे मान्यता पावली.

काशी, मुंबई आणि सारनाथ

अमेरिकेहून परतल्यानंतर कोसंबींनी काही काळ काशीत वास्तव्य केले. 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' (१९३५) हा त्यांचा ग्रंथ याच काळातील आहे. वैदिक काळापासून गांधीयुगापर्यंतच्या सांस्कृतिक इतिहासाची त्यात केलेली मांडणी परखड असल्याने तिच्यावर बरीच चर्चा झाली.

१९३७ मध्ये मुंबईच्या परळ या कामगार वस्तीत 'बहुजन विहार' सुरू झाला. बिर्ला यांच्या आर्थिक साहाय्याने उभ्या राहिलेल्या या विहारात कोसंबी राहत आणि श्रमिक व दलित समाजातील लोकांपर्यंत बुद्धाचा उपदेश पोहोचविण्याचा प्रयत्न करीत. विद्यापीठांतील निमंत्रित अभ्यासकाच्या कामाहून हे काम निराळे होते. पुढे त्यांनी सारनाथ येथेही वास्तव्य केले.

'भगवान बुद्ध' हे त्यांचे प्रमुख मराठी पुस्तक १९४०–४१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. पाली ग्रंथांतील प्राचीन भाग आणि नंतर जोडलेल्या अद्भुत कथा यांत फरक करून बुद्धाचे चरित्र त्यांनी मांडले. रोगी, वृद्ध व मृत यांच्या दर्शनाने बुद्धाने गृहत्याग केला, ही रूढ कथा त्यांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्यावरील कलह व त्यातून होणारी शस्त्राची भाषा हे त्यामागील एक कारण असावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. हाच विषय त्यांनी 'बोधिसत्त्व' (१९४५) या नाटकातही हाताळला. प्राचीन काळातील श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी केलेल्या विवेचनामुळे जैन समाजातून तीव्र निषेध झाला. साहित्य अकादमीने पुढे या ग्रंथाचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद प्रसिद्ध केले.

'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९४९ मध्ये प्रकाशित झाला. अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार यामांमध्ये त्यांना सर्व श्रमण परंपरांचा समान पाया दिसत होता.

अखेरचे दिवस

उतारवयात कोसंबींना व्याधींनी ग्रासले. आपल्या हातून आता कार्य होणार नाही आणि इतरांवर भार पडू नये, या विचाराने त्यांनी पार्श्वनाथांच्या परंपरेतील रीतीप्रमाणे आमरण उपवास करून देह ठेवण्याचा निश्चय केला. १९४६ मध्ये त्यांनी उपवास आरंभिला असता महात्मा गांधींच्या विनंतीवरून तो सोडला. त्यानंतर ते सेवाग्राम आश्रमात राहावयास आले. तेथेच पुन्हा केलेल्या उपवासानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. दिल्लीतील प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. पालीच्या अध्ययनासाठी भारतीय विद्यार्थ्यांना सिलोनला पाठविण्याची योजना त्यांच्या स्मरणार्थ पुढे आली. विद्येसाठी कोसंबींना स्वतः एकट्याने आणि साधनांवाचून जो प्रवास करावा लागला, तो पुढील विद्यार्थ्यांना सुकर व्हावा, असा तिचा हेतू होता.

कार्याचे स्वरूप आणि महत्त्व

कोसंबींच्या विद्याव्यासंगाचा बराचसा भाग मुदतीच्या नेमणुकांवर आणि वृत्तींवर चालला. अशा नेमणुकांचे लाभ त्यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. पदवीची अट आड न आल्यामुळे विहारात मिळविलेले ज्ञान विद्यापीठापर्यंत पोहोचू शकले. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जी, बडोद्यात सयाजीराव गायकवाड आणि हार्वर्डमध्ये वूड्स यांनी प्रमाणपत्राऐवजी विषयावरील अधिकार पाहिला. त्यामुळे पालीसारखा विषय, ज्यासाठी कायम अध्यासन नव्हते, तोही शिकविला जाऊ लागला.

त्याच चरित्रात या व्यवस्थेच्या मर्यादाही दिसतात. प्रत्येक निमंत्रण एखाद्या व्यक्तीच्या आस्थेवर अवलंबून होते. एका ग्रंथासाठी चार वेळा समुद्रप्रवास करावा लागला. अमेरिकेस जाण्यासाठी फर्ग्युसनमधील अध्यापन मध्येच सोडावे लागले, आणि कुटुंब अनेक वर्षे दुभंगलेले राहिले. निमंत्रित अभ्यासक काम करू शकत होता. परंतु कामाचे श्रेय आणि प्रकाशनाची वेळ यांवर त्याचे नियंत्रण नव्हते. 'विसुद्धिमग्ग'च्या प्रकाशनास झालेल्या विलंबातून ही मर्यादा प्रकर्षाने जाणवते.

कोसंबींचा स्थायी वारसा या नेमणुकांच्या पलीकडे उभा राहिला. पुण्यात घडलेले विद्यार्थी, नागरी लिपीतील पाली ग्रंथ आणि मराठीतील बौद्ध वाङ्मय यांमुळे महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. ज्या भाषेत बुद्धाविषयी वाचावयास फारसे काही नव्हते म्हणून १८९९ मध्ये त्यांना घर सोडावे लागले, त्या मराठी भाषेत त्यांच्या निधनसमयी बुद्धाचे साधार चरित्र, बौद्ध संघाचा इतिहास आणि ध्यानमार्गाचे विवेचन उपलब्ध झालेले होते.